शेकोटीजवळचं दुसरं माणूस

…तर त्या सकाळी मी आधी अंगण झाडलं, मग गोठ्यातलं शेण काढलं, चुलीतली राख सुपात भरून परसात नेऊन टाकली आणि डालगं उचलून कोंबड्या सोडल्या. तुमचे भाऊ तोवर परसातल्या खड्ड्यापाशी उकिडवे बसून शेकोटीसाठी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या मोडत होते. धुकं इतकं दाट होतं की मला माणूस दिसत नव्हता, नुसता काड्या मोडल्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, "हायेत का तिथं?" तर धुक्यातून आवाज आला, "हाय की. जातो कुठं?" मग जाळ पेटला आणि धुक्यात आधी त्यांचे हात दिसले, मग गुडघे, मग टोपी. माणूस असा थोडा थोडा करून दिसला. त्या सकाळी याहून वेगळं काहीही घडलं नाही. म्हशीनं नेहमीएवढंच दूध दिलं, नळाला पाणी आलं नाही, आणि मी दुपारी मिरच्या वाळत घातल्या.

अगं बाई, मायना राहिलाच. पत्र लिहायला बसले आणि हात आपोआप त्या सकाळकडे गेला. आता कागद फाडून नव्यानं लिहायचं तर ती सकाळही फाटेल, म्हणून मायना इथे मधेच घालते. ती. वनमालाअक्का यांना भावजय छबूचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. तुमच्या नावाआधी गं. भा. लिहिलेलं नाही. आपण दोघी विधवा, ते एकमेकींना कागदावरून कशाला कळवायचं? तुमचे गुडघे कसे आहेत? डोळ्याच्या ऑपरेशननंतर कारखान्याची चिमणी एकच दिसते की अजून दोन? (दोन दिसत असल्या तरी डॉक्टरला सांगू नका, तो पुन्हा नगरला बोलावील.) तुमचा राम वेळेवर जेवतो का? आणि तुम्हाला हे पत्र वाचून दाखवणारी तुमची सून सायली, तिला माझे आशीर्वाद. सायली, इथून पुढचं कंसातलं मोठ्यानं वाचायचं नाही, ते तुझ्या-माझ्यात. फोन का केला नाही म्हणाल, तर फोनवर राम स्पीकर लावतो, तुम्ही तुमच्या कडा गावाहून बीडपर्यंत ऐकू जाईल एवढ्यानं ओरडता आणि माझ्या प्रश्नांची उत्तरं तुमच्या शेजारणी देतात. शाळेत आपण दोघी गेलो नाही. मला पुढे एस.टी.च्या पाट्या, खताच्या गोण्या आणि किराण्याच्या पुड्या वाचता वाचता अक्षरं लागली आणि आता गावच्या वाचनालयातलं एक कपाट संपवून मी दुसऱ्याला हात घातलाय. तेव्हा पत्रच बरं. पत्रात मधे कोणी बोलत नाही.

तर सांगायचं आहे ते शेकोटीचं. तुम्हाला ठाऊक आहे, आपल्या परसात शेवग्याच्या अलीकडे जो खड्डा आहे तो तुमच्या भावांनी आमच्या लग्नाच्या हिवाळ्यात खणला आणि दरवर्षी दिवाळी झाली की त्यात पहाटेचा जाळ पेटायचा. ते गेले तरी मी पेटवतेच. हा तिसरा हिवाळा. उजाडायच्या आधी निळसर अंधार असतो ना, तेव्हा पेटवते, पलीकडे त्यांचं पोतं अंथरते, अलीकडे माझं, आणि जाळाच्या उजेडात पुस्तक वाचते. थोडं मोठ्यानं. (सायली, हे अक्कांना नीट कळू दे, पण वेड लागलंय असं वाटेल अशा आवाजात वाचू नको.) वाचता वाचता धूर वळतो, अक्षरं पुसट होतात, आणि पानावर काय होतं आणि माझ्या मनात काय होतं हे वेगळं करता येत नाही. एकदा पुस्तकातला राजा आपल्या नदीवर म्हैस धुवायला आला. मी पान उलटून पाहिलं, राजा आपल्या महालातच होता.

मागच्या हिवाळ्यात पारावर पोरासोरांनी शेकोटीत टायर जाळला. त्याची ठिणगी उडून आपल्या शेजारच्या बंकटची कडब्याची गंज पेटली. वर्षाची वैरण दिवस वर यायच्या आत गेली, बिचाऱ्याची जनावरं उन्हाळाभर दुसऱ्याच्या दावणीला होती. त्यावरून यंदा ग्रामसभेनं शेकोटीचे नियम केले आणि ते चावडीच्या भिंतीला चिकटवले. समितीही नेमली. अध्यक्ष सुंदरराव, तुमच्या भावांचे लंगोटीयार, आणि सभासद हाच बंकट. सभेत ते चष्मा विसरले (ते चष्मा कायम विसरतात, कारण त्यांना वाचायचा कंटाळा आहे), म्हणून नियम मीच वाचून दाखवले. नियम वाईट नाहीत, अक्का. जाळ गंजीपासून, छपरापासून लांब करायचा. गुडघ्याच्या वर उंच जाऊ द्यायचा नाही. प्लास्टिक, टायर, चिंध्या घालायच्या नाहीत. पाण्याची भरली बादली शेजारी ठेवायची. उठताना पाणी ओतून, राख हातानं चाचपून, गार झाली की मगच जायचं. वारा असला तर पेटवायचाच नाही. आणि जाळापाशी मोठी दोन माणसं पाहिजेत, एकट्या माणसानं पेटवायचं नाही. हा शेवटचा मी जरा घाईनं वाचला.

पहिली पंचाईत वाऱ्यानं केली. वारा आहे की नाही हे ठरवायचं कसं? ग्रामसेवक म्हणाले, झाडाची पानं हलली म्हणजे वारा. कुठल्या झाडाची? सगळ्यांच्या दारची झाडं वेगवेगळी, म्हणून भांडण नको या विचारानं सगळ्या गावासाठी एकच झाड ठरवलं, पारावरचा पिंपळ. ठराव झाला, टाळ्याही झाल्या. एवढी शेतकऱ्याची जात सभेला बसलेली, पण पिंपळाचं पान वारा नसतानाही हलतं हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. (माझ्याही नाही. मी तर टाळी वाजवली.) आठवडाभर गाव पहाटे उठून पारावर जायचं, मान वर करून पानं बघायचं आणि कुडकुडत परत यायचं. शेवटी बंकट चिडला. "आरं हे झाड हाय का म्हाताऱ्याचं मुंडकं? थांबतंय का कवा?" मग सभा पुन्हा बसली आणि चिंच ठरली. चिंच समजूतदार आहे.

मग समिती तपासणीला येऊ लागली. ऊन ओसरीवर आलं की सुंदरराव येतात, मागून डेअरीला दूध घालून बंकट येतो. तपासणी उभ्यानं होत नाही, बसावं लागतं. धूर एका जागी राहत नाही, म्हणून समितीलाही राहता येत नाही. धूर पूर्वेला वळला की समिती पश्चिमेला सरकते, आणि चहा होईपर्यंत तिची खड्ड्याभोवती एक प्रदक्षिणा पुरी होते. नियमाची बादली जाळाशेजारी असल्यामुळे तिच्यातलं पाणी छान कोमट होतं, त्यानं सुंदरराव तोंड धुतात आणि बंकट पाय. ऐन वेळेला बादली रिकामीच. म्हणून मी वाळूचा ढीग करून ठेवला, तर त्यात कोंबड्या लोळू लागल्या आणि मांजरानं तिथे काय केलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

गंजीचंही असंच झालं. सुंदररावांनी पावलं टाकून पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, जाळ लई जवळ हाय गंजीला. खड्डा हलवा." मी म्हटलं खड्डा हलणार नाही, गंज हलवा. ते म्हणाले गंज कोण हलवणार. मी नुसती तुमच्या भावांच्या खड्ड्याकडे बघत राहिले. त्यांनीही पाहिलं. मग शर्ट काढून खुंटीला अडकवला आणि समितीनं माझी अख्खी गंज पेंढी पेंढी करून परसाच्या दुसऱ्या टोकाला रचली. दुपार झाली. रचून झाल्यावर ध्यानात आलं की गंज आता बरोबर बंकटच्या भिंतीला लागली आहे आणि भिंतीपलीकडे बंकटची स्वतःची शेकोटी. म्हणजे माझी शेकोटी नियमात आली आणि समितीच्या माणसाची नियमाबाहेर गेली. बंकटनं कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःचा जाळ बंद करून, बायकोनं चहा दिला तर तोही घेऊन, माझ्याकडे यायला लागला. मला वाईट वाटलं असं लिहायला पाहिजे. वाटलं नाही.

इथवर सगळं हसण्यासारखं होतं. मग मागच्या आठवड्यातली ती सकाळ आली. धुकं उतरलं होतं, चिंच शांत होती, मी एकटीच होते. (दुसऱ्या माणसाचा नियम समितीला पाठ होता, पण माझ्यापुरता तो कोणी काढत नव्हतं. ऊन वर आल्यावर दोन माणसं होतातच, असा समज करून घेतला होता सगळ्यांनी.) पुस्तक मांडीवर होतं. जाळ बसून त्याचे निखारे झाले होते आणि निखाऱ्यांचा तो बारीक आवाज येत होता, कोणी लांबवर तांदूळ निवडत असल्यासारखा. डोळा लागला म्हणवत नाही, कारण मला सगळं दिसत होतं. शेवगा दिसत होता. कोंबडी दिसत होती. आणि पलीकडच्या पोत्यावर तुमचे भाऊ बसले होते, पऱ्हाटी मोडत, खाली मान घालून. मला नवल वाटलं नाही. मी म्हटलं, "पाणी तापलं का बघता?" दुसरं काही सुचलंच नाही, अक्का. तीन हिवाळ्यांनी माणूस समोर बसलंय आणि मी पाणी विचारते. त्यांनी मान वर केली. तोंड उघडलं. आता बोलणार, आणि तेवढ्यात माझ्या डोक्यावर अख्खी बादली आली. गार पाणी. त्या दिवशी नेमकं कोणी तोंड धुतलेलं नव्हतं.

डेअरीला निघालेला बंकट भिंतीवरून उडी मारून उभा होता, हातात रिकामी बादली. "काकू, पदर पेटला होता की वो!" खरंच पेटला होता. पदराचं टोक जळून काळं झालं होतं, धूर निघत होता. मी म्हटलं, "मंग पदरावर वतायचं! डोक्यावर कावून वतलं?" तो म्हणाला, "अंधारात पदर कुठला आन् डोस्कं कुठलं, काय कळतंय का?" माणसानं माझा जीव वाचवला आणि मी त्याला चुलीपुढे बसवून चहा देतादेता इतकं बोलले की त्याची आई गीताबाई भिंतीपलीकडून म्हणाली, "छबे, पोराला सोड, न्हाईतर तुझा पदर परत पेटवाय सांगीन त्याला." पण मला उत्तर मिळालं नाही ना. ते काय बोलणार होते? बहुधा "न्हाई तापलं" एवढंच. तरी ऐकायचं होतं. बंकटला मी चहा दिला, माफी अजून दिलेली नाही.

सुंदरराव त्या दिवशी बसले नाहीत, उभ्यानंच बोलले. "वहिनी, आता मला डोळेझाक करता येत न्हाई. पेटवल्यापास्नं इझवेपतुर दुसरं माणूस पायजे."

"मी एकटी न्हाई," मी म्हटलं.

त्यांनी गोठ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग जाळापलीकडच्या पोत्याकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "पोत्यावर बसणारं माणूस पायजे, वहिनी."

"ते गेले की वो, काकू," बंकट म्हणाला.

"तुला कोणी इचारलं? तू बादली बघ."

सुंदररावांनी संक्रांतीपर्यंत मुदत दिली. तोवर दुसरं माणूस मिळालं नाही तर खड्डा बुजवायचा. "मीच बुजवीन," ते म्हणाले, "दुसऱ्या कुणाचा हात लावू देणार न्हाई." असं म्हणून ते गेले आणि चिंचेकडे न बघताच गेले.

तेव्हापासून मी दुसरं माणूस शोधतेय. सुंदररावांना पहाटे दमा उठतो. बंकट त्या वेळी डेअरीला. गीताबाई दोन पहाटे आली, पण ती माझ्याआधी झोपते. तिला बघून मलाही झोप येते, मग बंकट दोन बादल्या भरून भिंतीमागे लपून बसला आणि डेअरीची गाडी चुकली. कोणी म्हणालं, रामला व्हिडिओ कॉल लावा, फोन पोत्यावर ठेवा, म्हणजे दुसरं माणूस झालं. करून पाहिलं. (सायली, त्या पहाटे राम का उठला होता ते तुला सांगितलं नसेल, म्हणून इथे सांगते.) फोनमध्ये रामचं नुसतं कपाळ आलं, ते म्हणालं, "मामी, तुमच्याकडं काहीतरी पेटलंय," आणि रेंज गेली. ग्रामसेवकांनी सुचवलं की बायांनी आता गॅसपाशी शेकावं. त्यांचं लग्न व्हायचंय, त्यांना राग नको दाखवायला.

लोक म्हणतात, एवढं काय त्या जाळाचं? त्यांना सांगता येत नाही. जाळ पेटला की मला सकाळ होते. नाहीतर नुसतं उजाडतं. कोंबड्या सोडायच्या, शेण काढायचं, भाकरी टाकायची, हे सगळं जाळ नसतानाही होतं. हात करतात. पण मी कुठे असते ते मला ठाऊक नसतं. त्या खड्ड्यापाशी बसलं की मी कुठे आहे ते मला कळतं. तो बुजवला तर वर दोन दिवसांत कोंबड्या उकरतील आणि चार दिवसांत तिथे खड्डा होता हे कोणाला सांगूनही पटणार नाही.

असो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. माझं उत्तम चाललंय. तब्येत चांगली आहे, पदर नवा आहे, वाचायला कपाटभर पुस्तकं आहेत, मला कोणाची गरज नाही. थंडी फार आहे, तेव्हा तुम्ही घराबाहेर पडू नका. प्रवासाचं तर नावच काढू नका, गुडघ्यांना सोसायचं नाही. कागदाचा खालचा काठ आला, म्हणून हात आवरते. थोरांना नमस्कार, राम-सायलीला आशीर्वाद, म्हशीला एक थोपटणी.

तुमची,
छबू

ता. क. लिहायचं राहिलं, ज्वारी हुरड्याला आली आहे. दाणा अजून दुधाळ आहे. कड्याला सगळा ऊस, तिथे तुम्हाला असा हुरडा मिळायचा नाही. पाठवला असता, पण हुरडा पाठवून पोचत नाही, जाळापाशी बसूनच खावा लागतो. म्हणजे तुम्ही या असं मी म्हणत नाही. फक्त ज्वारीची हकिकत कळवली.

दुसरा ता. क. वर प्रवासाचं नाव काढू नका असं लिहिलंय, ते खोडायचं होतं. मला कोणाची गरज नाही हेही खोडायचं होतं, पण दोन्ही खोडलं तर पत्र घाण दिसेल. अक्का, तुम्ही या. थंडी संपेपर्यंत या. पहाटेच जाग येते, मग झोप लागत नाही म्हणून तुम्ही वर्षानुवर्षं कुरकुर करता. समितीला हवं आहे ते नेमकं असंच माणूस. नुसतं पोत्यावर बसायचं आणि माझा पदर बघायचा. आणि एक आहे. तुम्हाला ते लहानपणापासूनचे माहीत, मला लग्नापासूनचे. माझा भाग इतक्या वेळा आठवून झालाय की आता तो झिजायला लागलाय. तुमचा भाग मी कधी ऐकलाच नाही. लहानपणी ते काड्या कशा मोडायचे, कोणाशी भांडायचे, काय बोलायचे, ते तुम्ही सांगा. पुस्तक मी बाजूला ठेवीन. (सायली, हे मोठ्यानं वाच, कंसात असलं तरी. तुझ्याकडे त्यांना काही कमी आहे म्हणून मागत नाही गं. माझ्याकडे कमी आहे म्हणून मागतेय.)

तिसरा ता. क. वरचं सगळं काल लिहिलं. अक्षर हलतंय त्याकडे लक्ष देऊ नका. आज पहाटे मी जाळ पेटवला नाही. कोंबड्या सोडल्या, म्हशीचं बंकटला सांगितलं आणि पत्र टाकायला चौसाळ्याला आले. टपालपेटीपुढे उभी राहिले. पत्र पोचणार कधी, सायलीला वेळ मिळणार कधी, राम विचार करणार कधी, आणि तेवढ्यात संक्रांत. तशी उभी असतानाच मागे बीडची गाडी लागली; बीडहून पुढे कड्याची गाडी मिळते. पत्र पेटीत टाकलं नाही. मी गाडीत बसले.